हरकऱ्यांचा जोडीचा फोटो

अरविंद हरकरे यांना स्वतःच्या बायकोशेजारी उभं राहायचं होतं. मागणी तशी फार मोठी नव्हती. कायद्याने, धर्माने आणि शाहपुऱ्यातल्या तमाम शेजाऱ्यांच्या मते तो त्यांचा हक्कच होता. अडचण एवढीच की हरकरे भोपाळला होते आणि बायको हैदराबादला, आणि मधलं अंतर कापायला रेल्वे नावाची सोय असताना हरकऱ्यांनी त्यासाठी संगणकासमोर बसायचं ठरवलं.

शोभाताई गेल्या होत्या सुनेच्या बाळंतपणाला. बाळंतपण झालं, बारसं झालं, उष्टावण झालं, नात सोफा धरून उभी राहायला लागली, तरी शोभाताईंचं परत येणं 'पुढच्या महिन्यात बघू' या स्टेशनावर जे थांबलं ते थांबलंच. मुलगा पराग आणि सून मानसी दोघंही नोकरीवाले, पोरीला सांभाळणार कोण? हरकरेही आधी गेले होते तिकडे. पण तिथली शेगडी काडीने पेटत नाही, काचेवर बोट ठेवावं लागतं, आणि हरकऱ्यांच्या बोटाला ती काही केल्या दाद देईना. एकदा सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा, मी देते चहा करून." वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. हरकऱ्यांनी तरी काढली. "भोपाळला माझी कामं खोळंबलीत," असं जाहीर करून ते परत आले.

भोपाळला कसलंही काम खोळंबलं नव्हतं. मग ते निर्माण करणं भाग होतं. हरकरे जलसंसाधन विभागात ड्राफ्ट्समन होते. हयातभर त्यांनी कालव्यांच्या सरळ रेषा ओढल्या, आणि त्यातले काही कालवे पुढे प्रत्यक्षातही निघाले. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते, म्हणून मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून ते वेबपानं बनवायला शिकले. शिकवणारा पोरगा प्रत्येक व्हिडिओची सुरुवात "हां तो दोस्तों" अशी करायचा आणि हरकरे घरात एकटे असले तरी "हां" म्हणायचे. त्यातूनच स्नेहवर्धन मराठी मंडळाचं संकेतस्थळ जन्माला आलं. ते उघडायला थोडा वेळ लागे, पण मंडळाची सभाही कधी वेळेवर सुरू होत नसे, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही.

यंदा मंडळाने ठरवलं की लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या जोडप्यांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, आणि संकेतस्थळावर फोटो. फोटो कसा? तर 'जोडीचा, एकत्र काढलेला आणि अलीकडचा'. हे शब्द सचिव मंजूषाताई ताऱ्यांचे. मंजूषाताई मंत्रालयातून निवृत्त झाल्या, पण मंत्रालय त्यांच्यातून निवृत्त व्हायचं होतं.

हरकऱ्यांनी कपाटावरचे अल्बम खाली काढले. पचमढीला शोभा. भीमबेटक्याला शोभा. मोठ्या तलावाकाठी भुट्टा खाणारी शोभा, कडेवर पराग. उज्जैनला घाटावर ओल्या पदराने डोळे बारीक करून बघणारी शोभा. सगळे फोटो सुरेख, कारण ते हरकऱ्यांनी काढलेले. लग्नानंतरच्या पहिल्या बोनसमधून त्यांनी कॅमेरा घेतला होता आणि तो कधी परक्याच्या हातात दिला नव्हता. लोक रेषा तिरपी आणतात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा चाळीस वर्षांच्या संसारात हरकरे सगळीकडे होते आणि एकाही फोटोत नव्हते.

नाही म्हणायला सांचीच्या एका फोटोत ते सापडले. शोभाताई स्तूपासमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या पायापाशी हरकऱ्यांची लांबलचक सावली पडली होती, टोपीसकट. ते तो फोटो घेऊन थेट मंजूषाताईंकडे गेले.

"ही सावली माझीच आहे," ते म्हणाले. "टोपी बघा."

मंजूषाताईंनी चष्मा चढवून सावली तपासली. "दादा, मला तर पटतंय. पण आज सावली मान्य केली तर उद्या कोणी नुसता आवाज घेऊन येईल. शिवाय फोटो अलीकडचा नाही."

"सावली अजून तशीच आहे हो माझी."

"तुमची असेल. शोभाताईंचं काय?" मंजूषाताई म्हणाल्या. शोभाताई आता कशा दिसतात हे त्यांना मोबाइलच्या चौकटीपुरतंच माहीत होतं, आणि त्या चौकटीत अर्धीअधिक जागा नातीच्या कपाळाने व्यापलेली असे.

तेव्हा एकच मार्ग उरला. एक फोटो आपला, एक शोभाचा, आणि वेबपानावर दोघांना शेजारी शेजारी जोडायचं.

"मोबाइलमध्ये ॲप असतं त्याचं," सुरेश शिरढोणकर म्हणाले. हे शेजारच्या घरातले, मूळ ग्वाल्हेरचे, आणि सल्ला देण्यात ग्वाल्हेरच्या किल्ल्याइतकेच पक्के. "चुटकीत होऊन जातं. तुम्ही फालतूमध्ये इतकी मेहनत करता."

"ॲपमध्ये वरून फुलं पडतात," हरकरे म्हणाले. "मला फुलं नकोत. मला कोड लिहायचं आहे."

आता वेबपानाची गंमत अशी की तिथे प्रत्येक चित्राला न दिसणारा डबा असतो. पहिला डबा डावीकडे सरकवायचा, दुसरा त्याच्या बाजूला. पण दोन्ही डबे मिळून पानाच्या रुंदीपेक्षा केसभर जरी जास्त झाले, तरी दुसरा डबा काही न बोलता खालच्या ओळीत जाऊन पडतो. हरकऱ्यांनी पान उघडलं तेव्हा वर ते स्वतः छाती काढून उभे होते आणि शोभाताई त्यांच्या पायाखाली.

"अरे वा," सुरेश म्हणाले. "वहिनींना कळवलं का हे?"

हरकऱ्यांनी रुंदी कमी केली. आता दोघं एका ओळीत आले, पण हरकऱ्यांचा फोटो पासपोर्टसाठी काढलेला आणि शोभाताईंचा पायापर्यंत, त्यामुळे नवऱ्याचं नुसतं डोकं बायकोच्या अख्ख्या उंचीएवढं झालं. नवरात्रात दुर्गेच्या शेजारी असुर असतो, साधारण तसं ते दिसत होतं. मग त्यांनी दोघांची उंची सारखी केली, तर शोभाताई आडव्या ताणल्या गेल्या. हा फोटो त्यांनी चुकून हैदराबादला पाठवला.

"अहो, काय करून राहिले तुम्ही हे?" शोभाताईंचा फोन आला. नागपूर सोडून जन्म लोटला होता, पण राग आला की त्यांची भाषा आधी नागपूरला पोचायची. "मी काय एवढी सुटली का?"

"नाही गं, ते प्रोग्रामिंगमुळे. तू नवीन फोटो पाठव. कंबरेपर्यंतचा. आणि समोर नको बघू, जरा उजवीकडे बघ."

"उजवीकडे काय आहे?"

"मी असेन ना तिथे."

शोभाताई म्हणाल्या, "उजवीकडे फ्रिज आहे." आणि तरीही त्यांनी फ्रिजकडे बघत फोटो काढून घेतला आणि पाठवला. फ्रिजकडे बघताना कोणी इतकं गोड हसत नाही. हरकऱ्यांनी तो फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि मग, उगाच कोणी बघू नये म्हणून, लहान केला.

पुढचा पेच त्यांना अपेक्षित नव्हता. बायको नवऱ्याच्या कुठल्या बाजूला?

"उजवीकडे," सुरेश म्हणाले. "पूजेला बसतो तेव्हा बायको उजवीकडे बसते. सीधी बात आहे."

"पूजेला उजवीकडे, आशीर्वाद घेताना डावीकडे," मंजूषाताई फोनवर म्हणाल्या. "सत्कार ही पूजा आहे की आशीर्वाद, यावर समितीत विचार करावा लागेल."

"आणि कोणाच्या उजवीकडे? त्यांच्या की बघणाऱ्याच्या?" हरकरे म्हणाले. मोबाइलने स्वतःच काढलेला फोटो आरशासारखा उलटा येतो, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यामुळे त्यांच्या शर्टाचा खिसाही वाट चुकला होता. वरच्या मजल्यावरचे तिवारीजी जिन्यातून जाता जाता थांबले. "भाईसाब, हमारे यहाँ तो जिधर वो बोल दें, उधर खड़े हो जाते हैं," असं म्हणून ते दूध आणायला निघून गेले. हरकऱ्यांनी शोभाताईंनाच विचारून टाकलं.

"चाळीस वर्षं मी कुठल्या बाजूला होते, तुम्हालाच आठवत नाही?" शोभाताई म्हणाल्या.

खरंच आठवत नव्हतं. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला बाजू नसते, समोर असतं. हा मुद्दा त्यांना फोन ठेवल्यावर सुचला, जसे त्यांचे सगळेच चांगले मुद्दे सुचायचे.

संध्याकाळी शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी फेरी मारताना सुरेश पुन्हा तोच विषय काढू लागले. चालता चालता ते तळ्याच्या बाजूला आले, तसा हरकऱ्यांनी त्यांना कोपराने अलगद रस्त्याच्या बाजूला लोटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"हरकरे, हे काय चक्कर आहे?" सुरेश वैतागले. "रोज मला स्कूटरच्या खाली ढकलता. तळ्याच्या साइडला मी चाललो तर तुमचं काय जातं?"

"तिकडे नको," हरकरे म्हणाले. का नको, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी विषय बदलून बिट्टन मार्केटच्या हाटात मटार किती महाग झाला यावर आणला, आणि सुरेश मटारात गुंतले.

अखेर जोड जमला. हरकऱ्यांनी दोघांची डोकी एका रेषेत आणली, मागची भिंत एका रंगाची केली, नातीचा मधेच आलेला हात कापून टाकला, आणि शोभाताईंना ठेवलं बघणाऱ्याच्या उजवीकडे, कारण तिकडे ठेवल्यावर त्या हरकऱ्यांकडे बघून हसल्यासारख्या दिसत. हैदराबादचं ऊन आणि भोपाळचा ट्यूबलाइट यांतला फरक तेवढा राहिला. त्यांनी पान हैदराबादला पाठवलं आणि फोन हातात धरून बसले.

"छानच झालंय हो," शोभाताई म्हणाल्या. "अगदी शेजारी उभी असल्यासारखी वाटते मी. मी मानसीला म्हणत होते, सत्काराला जाऊन यावं का चार दिवस. पण आता फोटो तर झालाच. मग माझं काय काम तिथं?"

आता इथे कोणताही शहाणा माणूस काय म्हणाला असता? ये, म्हणाला असता. दोन अक्षरं नाहीत त्या शब्दाला, एकच आहे. पण त्या शेगडीपासून हरकऱ्यांचा स्वाभिमान दुखरा होता, आणि आपण मजेत आहोत असं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते निभावणं भाग होतं.

"छे छे, कशाला दगदग," ते म्हणाले. "इथे सगळं व्यवस्थित आहे."

"बरं," शोभाताई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर हरकऱ्यांनी स्वतःसाठी चहा केला, काडीने पेटणाऱ्या शेगडीवर, आणि तो प्यायचा राहिला.

इकडे मंजूषाताईंच्या घरी समिती बसली. कचोरी झाली, चहा झाला, आणि ठराव झाला की जोडलेला फोटो एकत्र काढलेला मानावा, मात्र जोड दिसता कामा नये. हा ठराव मंडळाच्या ग्रुपवर पडला आणि हरकऱ्यांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. आमचाही द्या ना जोडून. ह्या पुण्याला आहेत मुलीकडे. हे नागपूरला आहेत, भावाचं ऑपरेशन झालं. आम्ही दोघं दोन मुलांकडे, दोन देशांत. खुद्द सुरेशच्या मधुरावहिनी आईच्या आजारपणाला ग्वाल्हेरला गेलेल्या, हे शेजारी असून हरकऱ्यांना ठाऊक नव्हतं. सुरेश रोज सल्ला द्यायला यायचे ते खरं तर कोणाशी बोलायला यायचे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

हे आपल्याच घरचं दुखणं आहे असं त्यांना वाटत होतं. इथे तर अर्ध्या मंडळाचं तेच रडगाणं. आईबापांना कोणी वाटून घेतलं नव्हतं. कामं वाटली गेली, आणि त्या कामांमागे एकेक जण निघून गेला. या विचाराने हरकऱ्यांना थोडं बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं.

त्यांनी जोमाने नवीन पान लिहायला घेतलं. प्रत्येकाने दोन फोटो चढवायचे, आधी नवरा, मग बायको. प्रोग्राम आपला रांगेतून दोन दोन फोटो उचलणार आणि शेजारी शेजारी लावणार. पंगतीत वाढतात तसं, न बघता. शनिवारपर्यंत सगळ्यांचे फोटो चढले, रविवारी सकाळी त्यांनी तयार पानाचा पत्ता ग्रुपवर टाकला, आंघोळीला गेले, आणि अंगाला साबण असतानाच दाराची घंटा वाजली.

दारात सुरेश उभे होते. हातात मोबाइल, चेहऱ्यावर काळोख.

"माझी बायको खऱ्यांच्या बगलेत काय करून राहिली आहे?"

हरकऱ्यांनी टॉवेल सावरत बघितलं. खरोखरच मधुरावहिनी अयोध्या नगरच्या खऱ्यांशेजारी उभ्या होत्या. सुरेशच्या वाट्याला कोणी अनोळखी बाई आल्या होत्या. खाली बघावं तर सगळीच जोडपी फिरलेली. मंजूषाताईंचे यजमान, ज्यांनी उभ्या आयुष्यात शेजारणीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते खऱ्यांच्या बायकोकडे बघून हसत होते. गरबा खेळताना जोड्या बदलतात, तसं अख्खं मंडळ एकेक घर पुढे सरकलं होतं.

"गडबड होऊन गेली," हरकरे पुटपुटले.

"गडबडीचं काही नाही हो," सुरेश म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण ती खऱ्यांच्या शेजारी इतकी खूश दिसून राहिली. माझ्याबरोबर इतकी खूश दिसते का कधी?"

"फोटो तोच आहे सुरेश. तुमच्याचसाठी काढलेला."

"असं?" सुरेशनी फोटो पुन्हा पाहिला आणि ते बरेच सावरले.

ग्रुपवर मात्र रणधुमाळी माजली होती. कोणी संस्कृतीचा प्रश्न काढला, कोणी हरकऱ्यांच्या वयाचा. मंजूषाताईंनी 'स्पष्टीकरण सादर करावे' असं लिहिलं. हरकऱ्यांनी पान उतरवलं आणि ओल्या डोक्याने कोड तपासायला बसले. कोडमध्ये चूक नव्हती. चूक रांगेत होती. यादीत वरून दुसरं नाव सिंधूताई मोघ्यांचं, आणि त्यांनी एकच फोटो चढवला होता. स्वतःचा. प्रोग्रामला त्यांच्या शेजारी कोणी सापडलं नाही, तेव्हा त्याने पुढच्या घरातला नवरा ओढून आणून बसवला, आणि तिथून सगळी पंगत एकेका पाटाने सरकली.

सिंधूताई अयोध्या नगरला राहत. त्यांचे यजमान कारखान्यात होते, ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हे हरकऱ्यांना अंधूकसं आठवत होतं, म्हणून फोनवर विचारणं त्यांना प्रशस्त वाटेना. ते बसने गेले. वाटभर त्यांनी नाजूक शब्द जुळवले, आणि दार उघडल्याबरोबर विसरले.

"दुसरा फोटो राहिला का चढवायचा?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"राहिला नाही. चढवलाच नाही," सिंधूताई म्हणाल्या. "बसा. पोहे घ्या. आमच्या लग्नालाही यंदा चाळीस झाली असती. मी मंजूषाला विचारलं, माझा सत्कार होईल का? ती म्हणाली, नियमात 'दोघेही हयात' असं लिहायचं राहून गेलंय, तेव्हा भरून टाका अर्ज."

"पण त्यांचा एखादा फोटो असेल ना? मी लावतो शेजारी. जोड दिसणार नाही."

"आहे की. भिंतीवर आहे." भिंतीवर दाट मिशांचा, तरतरीत, हसरा माणूस होता. "तो तिशीतला. मी अशी. शेजारी लावलात तर लोक म्हणतील, मायलेकांचा सत्कार कसला चाललाय." त्या खळखळून हसल्या आणि हरकऱ्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले. "मला कोणी नको शेजारी. त्यांची जागा तेवढी ठेवा. दुसऱ्याला नका बसवू तिथे. आले होते ते गृहस्थ बरे असतील, पण नको."

"ठेवतो," हरकरे म्हणाले.

"आणि तुमची शोभा परत आली वाटतं? फोटोत बघितलं. तिची जोडी तेवढी बरोबर होती."

"नाही, हैदराबादलाच आहे. तो जोडलेला आहे. आमचं नाव पहिलं होतं, म्हणून वाचलो."

सिंधूताईंनी त्यांच्याकडे जरा नवल केल्यासारखं पाहिलं. "आणि येणार कधी?"

"बघू म्हणते."

"तुम्ही बोलावलंत?"

हरकऱ्यांनी पोह्यांतला शेंगदाणा शोधायला घेतला.

"मग जागा भरून कशाला टाकलीत हो?" सिंधूताई म्हणाल्या. "माझ्याकडे येणारं कोणी नाही तरी मी धरून ठेवलीय. तुमची तर यायची आहे." त्यांनी हे असं सांगितलं, जसं भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं, आणि त्या पाणी आणायला आत गेल्या.

घरी येऊन हरकऱ्यांनी पान उघडलं. वेबपानावर रिकामी जागा आपोआप राहत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. नुसता रिकामा डबा ठेवला तर आत काही नाही म्हणून तो आकसून दिसेनासा होतो, आणि शेजारचा पसरून त्याची जागा खातो. त्या डब्याला बजावून सांगावं लागतं की तुझ्यात कोणी नसलं तरी एवढी रुंदी सोडू नकोस. सिंधूताईंच्या शेजारी त्यांनी तसा डबा लिहिला. पुढची जोडपी आपापल्या घरी परत आली. मधुरावहिनी सुरेशशेजारी आल्या. मंजूषाताईंचे यजमान मान खाली घालून स्वतःच्या बायकोजवळ उभे राहिले.

मग ते वर गेले, पहिल्या ओळीवर. फ्रिजकडे बघून हसणाऱ्या शोभाताईंना त्यांनी तिथून काढलं आणि त्या जागी रिकामा डबा ठेवला, पूर्ण रुंदीचा. पान पुन्हा ग्रुपवर टाकलं. त्यांना वाटलं होतं की आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती कोरी जागा बघवेना, म्हणून ते उठून तळ्याकडे निघून गेले.

तळ्याकाठी आज सुरेश नव्हते. हरकरे एकटेच चालत होते. स्कूटर जवळून जायच्या, तसे ते रस्त्याकडून आणखी थोडे आत व्हायचे, पण अगदी काठापर्यंत नाही. एक माणूस मावेल एवढी जागा ते काठाशी सोडत होते. कोणी चालत आलं की ते तेवढ्या अंतराने बाजूला व्हायचे, आणि ती जागा तशीच बरोबर यायची. अर्धं तळं झाल्यावर हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते तिथेच कठड्यापाशी थांबले. खिशातला फोन वाजला.

"माझा फोटो कुठे गेला?" शोभाताई. मागे नात कशाने तरी डबा बडवत होती. "मानसीने आत्ता पान दाखवलं. सगळ्यांच्या बायका आहेत आणि तुमच्या शेजारी पांढरं? लोकांना काय वाटेल?"

"काढला मी."

"काढला म्हणजे? मशीनने काढला?"

हरकऱ्यांपाशी उत्तर तयार होतं. सर्व्हर, जागा कमी, फाइल मोठी. चांगली चार वाक्यं होती आणि शोभाताईंना त्यातलं एकही तपासता आलं नसतं.

"मीच काढला," ते म्हणाले. "फोटो नको मला. शोभा, मला करमत नाही गं इथे. कामं वगैरे काही नाहीयेत. चहा करतो आणि ओतून देतो. तू ये. पोरीचं काय करायचं ते आपण बघू, तिलाही घेऊन ये, नाहीतर मी येतो नंतर तुझ्याबरोबर, त्या शेगडीसकट. पण तू ये आधी."

डबा बडवणं थांबलं होतं. शोभाताईंनी नातीला कोणाच्या तरी हाती दिलं असावं.

"हेच ऐकायला मी इतके महिने फ्रिजकडे बघून राहिली," त्या म्हणाल्या. आवाज ओला होता, म्हणून त्यांनी लगेच खाकरून तो रागाचा करून घेतला. "आणि आले तर उभं कुठं करणार मला? उजवीकडे की डावीकडे? ठरलं का तुमच्या समितीचं?"

हरकऱ्यांनी आपल्या शेजारच्या मोकळ्या पट्टीकडे पाहिलं. पलीकडे पाणी होतं आणि अलीकडून स्कूटर जात होत्या.

"तळ्याच्या बाजूला," ते म्हणाले. "नेहमी तिथेच तर असायचीस."

तिकडे फोन तोंडापासून दूर धरून शोभाताई मोठ्याने ओरडल्या, इतक्या मोठ्याने की कठड्यावरचा बगळा उडाला.

"पराग! तो लॅपटॉप ठेव बाजूला अन् आधी भोपाळचं तिकीट बघ!"